माझ्या गोळ्यांच्या डबीतली झाडं

मला आमवात, म्हणजे रूमॅटॉइड प्रकारचा संधिवात, झालाय हे चारचौघांत कळलं की भेटायला येणारा प्रत्येक जण एखाद्या झाडाचं नाव सांगून जातो. कुणी मूळ सांगतं, कुणी साल, कुणी डिंक, कुणी पाल्याचा रस. मला त्याचा कधी राग आला नाही. माझी बोटं सकाळी वळत नाहीत हे त्यांना बघवत नाही, म्हणून ती सांगतात. पण या सांगण्यामागे बहुतेक वेळा एक समजूत असते: गोळ्या म्हणजे रसायनं, झाडं म्हणजे निसर्ग, आणि शहाण्या माणसाने वेळीच गोळ्या सोडून झाडांकडे यावं. वनस्पतिशास्त्र शिकण्या-शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. मला ही समजूत पटत नाही, आणि का पटत नाही ते एकदा सविस्तर लिहायचं फार दिवस मनात होतं.

माझ्या गोळ्यांच्या डबीपासूनच सुरुवात करते. तिच्यात रोजची हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आहे. तिचं कूळ शोधत मागे गेलं की आधी क्लोरोक्विन लागतं, त्याच्या मागे मलेरियावर कृत्रिम औषध शोधण्याची जर्मन प्रयोगशाळांतली धडपड लागते, आणि त्या सगळ्याच्या मुळाशी सिंकोना या झाडाच्या सालीतलं क्विनिन. आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट आहे. ती पूर्णपणे प्रयोगशाळेत जन्मलेली. पण ती ज्या फॉलिक ॲसिडचं रूप घेऊन पेशीला चकवते, ते १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं. आणि दुखणं उसळतं तेव्हा थोडे दिवस घ्यावी लागणारी प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी आहे. तिच्या घराण्याच्या इतिहासात मेक्सिकोच्या जंगलातला एक कंद आहे, त्याच्याकडे नंतर येते. म्हणजे झाडं डबीत आधीपासूनच आहेत.

माझ्या आजाराच्या मुळाशी असलेल्या दाहाची (इन्फ्लमेशनची) चार लक्षणं रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकात नोंदवून ठेवली: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. पाचवं पुढे जोडलं गेलं, ते म्हणजे त्या अवयवाचं काम अडणं. दुखणं उसळलेल्या सकाळी माझ्या उजव्या हातावर ही पाचही दिसतात. मूठ वळायला जावं तर बोटांची टोकं तळव्याला टेकत नाहीत. तर्जनीच्या आणि मधल्या बोटाच्या मुळाचे सांधे फुगलेले असतात; त्यांच्यावरच्या बारीक सुरकुत्या ताणून नाहीशा झालेल्या असतात, त्यामुळे कातडी तिथे चकचकते. डाव्या हाताची पाठ टेकवली तर शेजारच्या कातडीपेक्षा ती जागा गरम लागते. टूथपेस्टचं झाकण बोटांनी फिरत नाही, दोन्ही तळव्यांमध्ये धरून फिरवावं लागतं.

तरीही दाहाला शत्रू म्हणायला माझं मन धजत नाही. काटा रुतला की आसपासच्या पेशी हिस्टामीन आणि प्रोस्टाग्लँडिन ही इशारा देणारी रसायनं सोडतात, बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती सैलावतात, आणि काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे पोचून जंतू गिळायला लागतात. मागोमाग मॅक्रोफेज येतात आणि मेलेलं-मोडलेलं उचलतात. हे झालंच नाही तर साध्या जखमेनेही माणूस जाईल. मला यातला शेवटचा भाग सर्वांत सुंदर वाटतो. दाह नुसता ओसरत नाही, शरीर तो ओसरवतं. १९८४ मध्ये चार्ल्स सेरहान आणि बेंग्ट सॅम्युएलसन यांच्या गटाने लिपॉक्सिन नावाचे रेणू शोधले, आणि पुढे कळत गेलं की अशा रेणूंकरवी शरीर ‘आता पुरे’ असा निरोप देतं. माझ्या आजारात तो निरोप लागू पडत नाही. रोगप्रतिकारशक्ती सांध्याच्या अस्तरालाच परकं ठरवते, अस्तर जाडावतं, आणि हळूहळू शेजारच्या कूर्चेला नि हाडाला कुरतडायला लागतं.

म्हणून ‘अमुक वनस्पती दाहशामक आहे’ असं कुणी म्हटलं की मला विचारावंसं वाटतं: एवढ्या लांबलचक घडामोडीत नेमकी कुठे? वेदनेवर की सुजेवर? पांढऱ्या पेशींच्या धावपळीवर, की हाड कुरतडणाऱ्या अस्तरावर?

या प्रश्नाचं उत्तर मिळायला किती काळ लागू शकतो ते विलोच्या झाडाकडून शिकावं. वाळुंजाच्या कुळातलं, ओल्या जागी वाढणारं हे झाड. १७६३ साली इंग्लंडमधल्या चिपिंग नॉर्टनच्या एडवर्ड स्टोन या धर्मगुरूने रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिलं. काही वर्षांपूर्वी त्याने सहज विलोची साल चघळून पाहिली होती आणि तिचा विलक्षण कडूपणा त्याला सिंकोनाची आठवण करून देणारा वाटला होता. हिवताप दलदलीत होतो, विलोही दलदलीत वाढतो, तेव्हा दुखण्याचा उपाय दुखण्याच्या शेजारीच असणार, असा त्याचा तर्क. तर्काला काही आधार नव्हता. पण पुढे त्याने जे केलं त्याबद्दल मला या माणसाविषयी मनापासून आदर आहे. त्याने साल गोळा केली, पावाच्या भट्टीच्या बाहेरच्या अंगाला पिशवीत टांगून तीन महिन्यांहून अधिक काळ वाळवली, तिची पूड केली आणि अगदी थोड्या मात्रेपासून सुरुवात करून, परिणाम बघत बघत, मात्रा वाढवत नेली. सुमारे पन्नास रुग्णांना त्याने ती दिली. काही जणांचा ताप नुसत्या विलोने हटला नाही, तेव्हा त्यात पाचवा हिस्सा सिंकोना मिसळावा लागला, हेही त्याने पत्रात स्वच्छ लिहिलं. औषध कुठे कमी पडलं ते सांगणारा माणूस माझ्या लेखी विश्वासाचा.

१८२८ मध्ये म्युनिकला योहान बुखनर याने सालीतला कडू पदार्थ वेगळा काढला, त्याला सॅलिसिन म्हणतात. दहा वर्षांनी राफाएले पिरिया याने त्यापासून सॅलिसिलिक ॲसिड बनवलं. १८७६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीचा डॉक्टर थॉमस मॅक्लॅगन याने सांधे धरणाऱ्या संधिज्वराच्या रुग्णांना सॅलिसिन देऊन त्यांचा ताप आणि सांधेदुखी उतरल्याचं प्रसिद्ध केलं. हे सगळं चांगलंच होतं, फक्त सॅलिसिलिक ॲसिड पोटाला फार जाचायचं. १८९७ मध्ये बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत फेलिक्स हॉफमनने त्याला ॲसिटिल गट जोडून शुद्ध स्वरूपात ॲसिटिलसॅलिसिलिक ॲसिड तयार केलं आणि १८९९ मध्ये ते ॲस्पिरिन या नावाने बाजारात आलं. कल्पना आपली होती असं त्याचा सहकारी आर्थर आयशेनग्रून याने १९४९ मध्ये लिहिलं. तो ज्यू होता, नाझी छळछावणीतून वाचून आलेला होता, आणि त्याचं म्हणणं पुढची कित्येक वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. झाडाच्या इतिहासात अशी माणसांची दुःखंही मिसळलेली असतात.

आणि एवढं होऊनही औषध काम कसं करतं ते कुणाला माहीत नव्हतं. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं की ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही. ते ज्या सायक्लोऑक्सिजनेज या विकरामुळे, म्हणजे एन्झाइममुळे, बनतं, त्या विकराच्या आत ॲस्पिरिन आपला ॲसिटिल गट कायमचा चिकटवून टाकतं, कुलपात किल्ली मोडून राहावी तसा. या कामासाठी व्हेन यांना सॅम्युएलसन आणि सुने बेरगस्ट्रोम यांच्याबरोबर १९८२ चं नोबेल मिळालं. स्टोनच्या पत्रापासून व्हेनच्या प्रयोगापर्यंत २०८ वर्षं गेली.

यातली एक गोष्ट फार जणांच्या नजरेतून सुटते. विलोच्या सालीत ॲस्पिरिन नसतं. असतं ते सॅलिसिन, आणि शरीरात त्याचं सॅलिसिलिक ॲसिड होतं. तो चिकटणारा ॲसिटिल गट माणसाने जोडलेला आहे. म्हणून ॲस्पिरिनचा पुरावा सालीच्या नावावर मांडता येत नाही, सालीची परीक्षा वेगळीच घ्यावी लागते. ती घेतली गेली आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कंबरदुखीच्या २१० रुग्णांना सालीचा अर्क किंवा प्लॅसिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी, दिली. रोज २४० मिलिग्रॅम सॅलिसिन मिळेल इतका अर्क घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के शेवटच्या आठवड्यात वेदनामुक्त होते, निम्म्या मात्रेवर २१ टक्के, आणि प्लॅसिबोवर ६ टक्के. मात्रेबरोबर परिणाम वाढला, हे मला आकड्यांपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. पण २००४ मध्ये जर्मनीत विलोच्या सालीचा अर्क सांध्यांची झीज झालेल्या १२७ आणि माझ्यासारख्या आमवाताच्या २६ रुग्णांवर तपासला, तेव्हा तो प्लॅसिबोपेक्षा सरस ठरला नाही. सव्वीस ही संख्या लहान आहे, मान्य. तरी माझ्या हाताला उत्तर हवं असेल तर आज ते कंबरदुखीच्या चाचणीत नाही.

विलो हे सगळं कशासाठी बनवतो? आपल्यासाठी नक्कीच नाही. वर्गात शिकवताना मी या भागावर नेहमी जास्त रेंगाळायचे. सॅलिसिलिक ॲसिड हे वनस्पतींचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, आहे. एका पानावर विषाणूचा किंवा बुरशीचा हल्ला झाला की त्याचं प्रमाण वाढतं आणि बाकीची, अजून निरोगी असलेली पानं बचावाच्या तयारीला लागतात. १९७९ मध्ये इंग्लंडमध्ये तंबाखूच्या पानांत ॲस्पिरिन टोचून पाहिलं, तर ती पानं टोबॅको मोझेक विषाणूला जास्त चांगला प्रतिकार करायला लागली. सुरणाच्या कुळातल्या ‘वूडू लिली’ नावाच्या झाडाचा फुलोरा उमलताना चक्क तापतो, त्या उष्णतेने त्याचा कुजकट वास पसरतो आणि माश्या येतात. हा ताप चढवणारा रेणू सॅलिसिलिक ॲसिडच आहे असं १९८७ मध्ये सिद्ध झालं. ज्याच्या भाऊबंदाने आपला ताप उतरतो त्याने फुलोऱ्याचा ताप चढतो, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते.

टोमॅटोच्या रोपाचं तर आपल्याशी याहून जवळचं नातं निघालं. अळीने पान कुरतडलं की रोप आपल्या पेशीपटलातल्या मेदाम्लापासून जॅस्मोनिक ॲसिड तयार करतं, आणि त्या इशाऱ्यावर पानापानांत अळीची पचनशक्ती बिघडवणारी प्रथिनं बनू लागतात. आपल्या शरीरात जखम झाली की आपणही पेशीपटलातल्या मेदाम्लापासूनच प्रोस्टाग्लँडिन बनवतो. १९८८ मध्ये संशोधकांनी टोमॅटोच्या रोपांना ॲस्पिरिन दिलं, आणि जखमेनंतर ती बचावाची प्रथिनं बनायची थांबली. वनस्पती आणि प्राणी यांची वाट कधीच वेगळी झाली. दोघांचे विकरही निराळे आहेत. तरी इशारा द्यायची रीत इतकी सारखी की एकाच रेणूने दोघांचेही इशारे दबतात.

यातून वनस्पतींच्या औषधी गुणाकडे बघण्याची माझी दृष्टीच बदलली. झाडाला पळता येत नाही. त्याच्याकडे लढायला आणि निरोप द्यायला रसायनंच आहेत, आणि ती त्याने कोट्यवधी वर्षं कीटक, बुरशी, जंतू, चरणारी जनावरं यांच्या शरीरांवर घासून धारदार केलेली आहेत. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या वेदनेच्या मज्जातंतूंवरचं टीआरपीव्ही-१ हे द्वार उघडतं, पक्ष्यांच्या त्याच द्वाराला त्याची जाणीव होत नाही. त्यामुळे बी चावून टाकणारे सस्तन प्राणी दूर राहतात आणि बी दूर नेऊन टाकणारे पक्षी मिरची खातात. हे द्वार १९९७ मध्ये शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. आपल्या शरीरावर असर करण्याची ताकद झाडाच्या रसायनांत आली ती अशा वैरांतून, आणि ज्याच्यात असर आहे त्याच्यात अपायही असू शकतो. ‘वनस्पतीच आहे, अपाय काय होणार?’ असं कुणी म्हणालं की मला झाडाचा अपमान झाल्यासारखं वाटतं.

आता तो मेक्सिकोचा कंद. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिझोन या, माझ्या प्रेडनिसोलोनच्याच घराण्यातल्या संप्रेरकाची इंजेक्शनं दिली आणि काही दिवसांत ती चालायला लागली. पण ते कॉर्टिझोन गुरांच्या पित्तातल्या आम्लापासून तीसहून अधिक पायऱ्यांनी बनत होतं; जगातल्या रुग्णांना पुरेल इतकं बनणं शक्यच नव्हतं. वाट सापडली ती जंगली कोनफळाच्या जातीच्या कंदांत. त्यांतल्या डायोसजेनिनपासून संप्रेरकं कशी बनवायची ते रसेल मार्कर यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिलं होतं. १९५२ मध्ये अपजॉन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी रायझोपस ही बुरशी वापरून त्या रेणूच्या अकराव्या कार्बनवर ऑक्सिजन बसवला, आणि अडलेल्या पायऱ्या एका झटक्यात गाळल्या गेल्या. कंद आणि बुरशी, दोघांनी मिळून ते औषध सामान्य माणसाच्या आवाक्यात आणलं. पण म्हणून तो कंद उकडून खाल्ला तर कॉर्टिझोन मिळत नाही. डायोसजेनिनचं संप्रेरक करणारी विकरं आपल्या शरीरात नाहीत, ते काम प्रयोगशाळेतच होतं. या कंदाचे अर्क ‘नैसर्गिक संप्रेरक’ म्हणून विकले जातात तेव्हा हा तपशील कुणी सांगत नाही.

हळदीबद्दल मला सर्वांत जास्त विचारलं जातं, आणि मीही तिच्याबद्दल सर्वांत जास्त वाचलंय. तिच्यातलं कर्क्युमिन १८१५ मध्ये फोगेल आणि पेल्तिए यांनी वेगळं काढलं. या पेल्तिएनेच पाच वर्षांनी काव्हांतू या सहकाऱ्याबरोबर क्विनिन मिळवलं, म्हणजे माझी डबी आणि हळद या माणसाच्या टेबलावर एकत्र येतात. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर कर्क्युमिन टाकलं की एनएफ-कप्पा-बी नावाचं, दाहाची अनेक जनुकं चालू करणारं प्रथिन शांत होतं. १९९५ पासून हे पुन्हा पुन्हा दिसलंय आणि त्यावर हजारो शोधनिबंध उभे आहेत. अडचण बशीच्या बाहेर पडल्यावर सुरू होते. हळदीच्या वजनात कर्क्युमिन असतं जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आतड्याच्या भिंतीतून जे थोडं आत शिरतं त्याला तिथे आणि यकृतात लगेच दुसरे गट जोडले जाऊन ते बाहेर टाकायच्या लायकीचं केलं जातं. माणसांना काही ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलं तरी रक्तात ते जेमतेम सापडतं. बशीतल्या पेशींना मिळालेल्या मात्रेच्या कुठे जवळपासही नसतं. शिवाय हा रेणू स्वतः पिवळा, चमकणारा, धातूंना धरणारा आणि दिसेल त्या प्रथिनाला चिकटणारा आहे, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या मोजण्यांनाच तो चकवतो. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांनी या सगळ्याचा परखड आढावा घेतला, तो वाचून मला वाईट वाटलं होतं, कारण हळद जिंकावी असं मलाही वाटत होतं.

१९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातलं पिपरीन फक्त २० मिलिग्रॅम दिलं, आणि रक्तात पोचणारं कर्क्युमिन वीस पटींनी वाढलं. ही बातमी सगळीकडे पोचली आणि आज बहुतेक कॅप्सुलींवर पिपरीनचं नाव असतं. पण पिपरीन हे कसं करतं? शरीराची परकी रसायनं निकामी करण्याची यंत्रणा मंदावून. ती यंत्रणा फक्त कर्क्युमिनसाठी नाही, इतर गोळ्याही तीच निकाली काढत असते. जो दिवसाला चार औषधं घेतो त्याने इथे थांबून विचार करायला हवा.

मग माणसांवर काय दिसलं? जिथे कर्क्युमिनला रक्तात शिरायची गरजच नाही तिथे त्याने चांगली चुणूक दाखवली. २००६ मध्ये जपानमध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा दीर्घ दाह, शांत असलेल्या रुग्णांना नेहमीच्या औषधांबरोबर रोज दोन ग्रॅम कर्क्युमिन सहा महिने दिलं. त्या गटात ४३ पैकी दोघांचा आजार उलटला, प्लॅसिबोच्या गटात ३९ पैकी आठ जणांचा. संख्या लहान आहे, पण तर्काला धरून आहे: रेणू जिथे पोचतो तिथे काम करतो.

गुडघ्यांच्या बाबतीत थायलंडमध्ये ३६७ रुग्णांवर चार आठवडे तुलना झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत रोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क हा १२०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन या वेदनाशामकाच्या तोडीचा ठरला, आणि पोटाचा त्रास अर्काच्या गटात कमी होता. मला मात्र त्याहून विचारात पाडलं ते टास्मानियातल्या होबार्ट इथल्या चाचणीने, जी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. झिजेमुळे गुडघा दुखणारे आणि सांध्यात पाणी व सूज असलेले ७० जण, बारा आठवडे हळदीचा अर्क किंवा प्लॅसिबो. अर्क घेणाऱ्यांच्या वेदना प्लॅसिबोपेक्षा जास्त कमी झाल्या. पण एमआरआयमध्ये मोजलेली सांध्यातली सूज दोन्ही गटांत सारखीच राहिली.

वेदना कमी, सूज तेवढीच. ज्याचा गुडघा वयाने झिजलाय त्याला वेदना कमी झाली तरी मोठा दिलासा आहे आणि त्यात गैर काहीच नाही. माझ्या आजारात मात्र हाड कुरतडतो तो दाह. उपचाराविना पहिल्या दोनेक वर्षांतच पुष्कळ जणांच्या सांध्यांचं कायमचं नुकसान होऊन जातं. अशा माणसाची वेदना शमली आणि दाह तसाच राहिला तर तो बरं वाटतंय म्हणत वाट बघत राहील, आणि आत हाड जातच राहील. मला झाडांची भीती कधी वाटत नाही, या वाट बघण्याची वाटते.

आणि यकृताची. हळदीच्या कॅप्सुलींनी यकृताला इजा झाल्याची दहा प्रकरणं अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका जाळ्याने २०२२ मध्ये एकत्र प्रसिद्ध केली. त्यांतल्या सात जणांत एचएलए-बी-३५:०१ हा एकच जनुकप्रकार सापडला. म्हणजे बहुतेकांना ते सोसेल, काहींना मुळीच सोसणार नाही, आणि कोण कुठल्या बाजूचा ते चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं.

कॉल्चिकम या कंदाच्या झाडाचं फूल शरद ऋतूत, पानं नसतानाच, जमिनीतून थेट वर येतं, फिकट जांभळं. त्याच्या कंदात आणि बियांत कॉल्चिसिन असतं. कळलावीच्या कंदातही असतं. वातरक्तावर, म्हणजे गाउटवर, सहाव्या शतकापासून ते वापरात आहे. ते पेशीच्या आतल्या ट्यूब्युलिन या प्रथिनाला धरतं, त्यामुळे न्यूट्रोफिलांची हालचालच मंदावते. पण तेच प्रथिन आतड्याच्या अस्तराला आणि अस्थिमज्जेलाही पेशीविभाजनासाठी लागतं, म्हणून औषध आणि विष यांच्यात अंतर फार थोडं. युरोपात त्याची पानं रानलसूण समजून खाल्ल्याने माणसं दगावली आहेत, आणि त्यावर हुकमी उतारा नाही. मात्रा नेमकी कळल्यावर मात्र हेच झाड किती देतं बघा. २०१० मधल्या चाचणीत गाउटच्या झटक्यात १.८ मिलिग्रॅमने ४.८ मिलिग्रॅमइतकाच गुण आला आणि त्रास कितीतरी कमी झाला. २०१९ मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ४७४५ जणांवरच्या चाचणीत रोजच्या अर्ध्या मिलिग्रॅमने पुढचे हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे प्रसंग घटले, आणि २०२३ मध्ये अमेरिकेत त्या वापराला मान्यता मिळाली. इतक्या जुन्या झाडाला नवं काम मिळालं ते मात्रा मोजणाऱ्यांमुळे.

आमवातावर खरोखर असर दाखवणारी एक वेल आहे, चीनमधली लेइ गोंग तेंग, शास्त्रीय नाव ट्रिप्टेरिजियम विल्फोर्डी. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत तिच्या मुळाचा अर्क सल्फासालाझिन या प्रस्थापित औषधापेक्षा सरस ठरला. चाचणी अर्ध्यावर सोडणारे रुग्ण दोन्हीकडे पुष्कळ होते, हेही सांगायला हवं. पण ही वेल पुरुषांची प्रजननक्षमता आणि बायकांची पाळी बिघडवू शकते. तिची मुळं सोडून बाकीचे भाग तर विषारीच मानतात. असर आणि किंमत, दोन्ही इथे उघड मांडलेले आहेत, आणि म्हणूनच मला या वेलीबद्दलचं संशोधन प्रामाणिक वाटतं.

अप्रामाणिकपणा कुठे असतो तेही सांगते. ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’ असं छापलेल्या, सांधेदुखीवर जादूसारखा गुण देणाऱ्या काही कॅप्सुलींत न सांगता मिसळलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक आणि डेक्सामेथासोन अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला २०२२ मध्ये सापडलं. डेक्सामेथासोन हे जोरदार स्टेरॉइड. ते नकळत महिनोन्‌महिने घेतलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसोल हे संप्रेरक बनवणं कमी करतं, आणि मग ‘औषध संपलं’ म्हणून एकदम थांबवलं तर माणूस कोसळू शकतो. एखाद्या वनौषधीने तीन दिवसांत सगळी सूज उतरली असं कुणी सांगितलं तर मला आनंदाआधी ही शंका येते.

परवा एका नात्यातल्या मुलीचा फोन आला. नुकतंच तिच्या आमवाताचं निदान झालंय. “ताई, मेथोट्रेक्सेटची भीती वाटते गं. त्याऐवजी हळदीच्या कॅप्सुली घेतल्या तर नाही का चालणार? आई पण घेणार आहे गुडघ्यासाठी, दोघींना एकच बाटली पुरेल.” मी तिला बाटलीवरचं सगळं वाचायला लावलं: कुठला अर्क, एका कॅप्सुलीत किती, पिपरीन आहे का, आणखी काय काय आहे. होबार्टची गोष्ट सांगितली. विलोचीही सांगितली, कारण तिच्या दुसऱ्या बाटलीत ती साल होती, आणि सॅलिसिलेटमुळे मूत्रपिंडातून मेथोट्रेक्सेट बाहेर पडणं मंदावू शकतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दोन्ही बाटल्या घेऊन डॉक्टरांकडे जा, लपवू नकोस, एवढं मात्र जरा आग्रहाने बजावलं.

ती डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी तिला दोन्ही बाटल्या बंद ठेवायला सांगितल्या. मेथोट्रेक्सेट चालू असताना यकृताच्या तपासण्यांत काही बिघडलं तर ते कशामुळे ते कळायला हवं, आणि तिच्या सांध्यांना वाट बघणं परवडणारं नाही. तिच्या आईला पित्ताशयाचा त्रास नाही, रक्त पातळ करणारं औषध नाही, हे विचारून घेतलं आणि हळदीचा अर्क चार आठवडे घेऊन बघायला हरकत नाही म्हणाले. गुण आला तर चालू ठेवा, नाही आला तर थांबवा, लघवी गडद झाली किंवा अंगाला खाज सुटली तर लगेच या. मुलीची पहिली रक्ततपासणी पुढच्या आठवड्यात आहे. आईने गुडघा किती दुखतो ते रोज शून्य ते दहाच्या मोजमापाने वहीत लिहायला घेतलंय.